ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर कसे निवडावे? निविदेत काय लिहावे, काय तपासावे

थोडक्यात

- ग्रंथालय व्यवस्थापन प्रणाली म्हणजे पुस्तकांच्या नोंदी, देवघेव, सभासद, खरेदी आणि शोध हे सगळे एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर.
- सॉफ्टवेअर काही वर्षांनी बदलते. नोंदी मात्र पुढच्या प्रणालीत न्याव्याच लागतात. त्यामुळे नोंदी पूर्ण आणि शुद्ध स्वरूपात बाहेर काढता येणे, ही निविदेतली सर्वांत महत्त्वाची अट ठरते.
- मराठी पुस्तके असतील तर ‘आमचे सॉफ्टवेअर युनिकोड आहे’ एवढे उत्तर पुरत नाही. ते प्रत्यक्ष तपासावे लागते.
- मोफत सॉफ्टवेअरलाही खर्च येतो. तुलना पाच वर्षांच्या एकूण खर्चाची करावी.

पुस्तक कपाटात आहे, पण संगणक ‘नाही’ म्हणतो. वाचनालयात जाणाऱ्या बहुतेकांनी हा अनुभव घेतलेला असतो. सभासद परत जातो आणि पुस्तक तिथेच धूळ खात राहते. जे पुस्तक तालिकेत सापडत नाही, ते वाचकाच्या दृष्टीने ग्रंथालयात नसतेच. अशा वेळी दोष काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला दिला जातो. पण अनेकदा चूक त्याच्या कितीतरी आधी, सॉफ्टवेअर विकत घेताना कागदावर काय लिहिले आणि काय लिहायचे राहून गेले, तिथे झालेली असते.

## या प्रणालीत काय काय असते?

पूर्वी ग्रंथालयात दाखल नोंदवही, तालिकापत्रांचे खण, सभासद नोंदवही आणि देवघेवीची कार्डे वेगवेगळी असत. संगणकप्रणालीत ही सगळी कामे एकमेकांना जोडलेली असतात.

- ग्रंथखरेदी: मागणी, पुरवठादार, बिले, अंदाजपत्रक.
- तालिकीकरण: शीर्षक, लेखक, प्रकाशक, विषय, वर्गांक आणि दाखल क्रमांक.
- देवघेव: पुस्तक देणे, परत घेणे, मुदतवाढ, आरक्षण, विलंब शुल्क.
- नियतकालिके: कोणता अंक आला, कोणता आला नाही.
- ओपॅक: वाचकाला घरबसल्या शोधता येणारी ऑनलाइन तालिका.
- ग्रंथपडताळणी आणि अहवाल: किती पुस्तके आहेत, किती गहाळ झाली, कोणती बाद करायची.

एक पुस्तक म्हणजे एक नोंद. तिच्यात लेखकाचे नाव एका ठरावीक रकान्यात, प्रकाशन वर्ष दुसऱ्या रकान्यात, अशी शिस्त असते. या शिस्तीचे जगभर चालणारे रूप म्हणजे मार्क. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९६० च्या दशकात हेन्रिएट ॲव्हरम यांच्या नेतृत्वाखाली ते घडले. आज त्याची ‘मार्क २१’ ही आवृत्ती वापरली जाते. नोंदी एका संगणकातून दुसऱ्या संगणकात नेण्यासाठी आयएसओ २७०९ हे मानक आहे. ही दोन नावे निविदेत असली, तर दहा वर्षांनी ग्रंथालयाचा त्रास खूप कमी होतो.

## नवी मुंबईत ही खरेदी कोण करते?

सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ रोजी अस्तित्वात आली. या तुलनेने नव्या शहरात ग्रंथालयांचे ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात आणि तिघांची खरेदीची वाट वेगळी आहे.

पहिला प्रकार महापालिकेच्या ग्रंथालयांचा. ऐरोलीच्या भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकातील ग्रंथालय हे यातले ठळक उदाहरण. महापालिकेची मोठी खरेदी ई-निविदेने होते. राज्य सरकारच्या विभागांसाठी उद्योग विभागाने १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने खरेदीची सुधारित नियमपुस्तिका लागू केली. शिवाय केंद्राचे ‘जेम’ हे सरकारी खरेदीचे ऑनलाइन दालनही आहे.

दुसरा प्रकार सार्वजनिक वाचनालयांचा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ नुसार मान्यता मिळालेली ही वाचनालये बहुधा नोंदणीकृत संस्था चालवतात. त्यांना अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो आणि वर्गानुसार अनुदान. खरेदीचा निर्णय कार्यकारी मंडळ घेते. पैसे मोजके असतात आणि संगणकाचे जाणकार बहुतेक वेळा बाहेरूनच बोलवावे लागतात. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून सार्वजनिक ग्रंथालयांना साहाय्य देते. तिकडच्या योजनाही पाहाव्यात.

तिसरा प्रकार महाविद्यालयांचा. वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर पट्ट्यात मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यावर नॅकचा दबाव असतो. नॅकच्या मूल्यमापनात ग्रंथालयाचे स्वयंचलन झाले आहे का, हे विचारले जाते. प्रणालीचे नाव, स्वयंचलन पूर्ण की अंशतः, आवृत्ती आणि वर्ष अशी माहिती तिथे भरायची असते. नॅकची भेट तोंडावर आली की हे चार रकाने भरण्यापुरती घाईची खरेदी होते. रकाने भरतात, पण अर्धी पुस्तके तालिकेबाहेरच राहतात.

## बाजारात पर्याय कोणते?

भारतात प्रामुख्याने पुढील नावे समोर येतात.

- ई-ग्रंथालय: केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने (एनआयसी) विकसित केलेली प्रणाली. मुख्यतः सरकारी ग्रंथालयांसाठी. तिची ४.० ही आवृत्ती क्लाउडवर चालते.
- सोल: गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची प्रणाली. विद्यापीठे आणि महाविद्यालये डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली. २.० ही आवृत्ती २००९ मध्ये आली, ३.० त्यानंतरची.
- स्लिम२१: पुण्यातील अल्गोऱ्हिदम्स कन्सल्टंट्स या कंपनीची व्यावसायिक प्रणाली. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत परिचित.
- लिबसिस: दिल्ली परिसरातील कंपनीची व्यावसायिक प्रणाली.
- कोहा: मुक्तस्रोत, म्हणजे जिचा मूळ कोड कोणालाही पाहता, बदलता आणि वापरता येतो अशी प्रणाली.

यातली सर्वांत चांगली कोणती, याला एकच उत्तर नाही. पाच हजार पुस्तकांच्या वाचनालयाला जे सोपे पडते, ते चार शाखा असलेल्या महापालिकेला अपुरे पडू शकते. म्हणून आधी गरज लिहायची आणि नाव नंतर ठरवायचे.

## निविदा काढली, पण काहीच पटले नाही: कोहाचा जन्म

कोहाची गोष्ट खरेदीच्या दृष्टीनेच शिकण्यासारखी आहे. न्यूझीलंडमधील होरोफेनुआ लायब्ररी ट्रस्ट ही लहान गावांतली ग्रंथालये चालवणारी संस्था. १९९९ मध्ये तिच्यापुढे पेच उभा राहिला. तिची जुनी प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हती. संस्थेने प्रस्ताव मागवले. पण आलेल्या प्रणाली महाग होत्या आणि गावातल्या शाखांच्या साध्या टेलिफोन लाइनवर त्या नीट चालणार नव्हत्या.

संस्थेने मग कॅटिपो कम्युनिकेशन्स या स्थानिक कंपनीकडून वेब ब्राउझरवर चालणारी हलकी प्रणाली लिहून घेतली आणि ती सर्वांसाठी खुली केली. जानेवारी २००० च्या सुरुवातीला ती कामाला लागली. तिला नाव दिले ‘कोहा’. माओरी भाषेत त्याचा अर्थ भेट.

या संस्थेला आपली गरज नेमकी ठाऊक होती: किती शाखा, कोणती लाइन, किती पैसे. त्यामुळे समोर आलेल्या प्रस्तावांना ‘नाही’ म्हणता आले. ज्या ग्रंथालयाने आपली गरज लिहिलेली नसते, त्याची गरज विक्रेताच ठरवून देतो.

## गरजा कशा लिहाव्यात?

आधी ग्रंथालयाचे स्वतःचे आकडे हवेत: एकूण ग्रंथ, भाषानिहाय संख्या, सभासद, रोजची सरासरी देवघेव, शाखा, एकाच वेळी काम करणारे कर्मचारी, दरवर्षी वाढणारी पुस्तके आणि आजच्या नोंदी कोणत्या स्वरूपात आहेत ते. हे एका पानात मावते. पण हे पान नसेल तर विक्रेता दर अंदाजाने लावतो आणि नंतर ‘वाढीव काम’ म्हणून वेगळे बिल येते.

त्यानंतर गरजांचे दोन भाग करावेत: असलेच पाहिजे आणि असल्यास उत्तम. सगळेच ‘असलेच पाहिजे’मध्ये घातले, तर दर वाढतो आणि स्पर्धा कमी होते.

तिसरी काळजी भाषेची. ‘अमुक कंपनीचे सॉफ्टवेअर किंवा तत्सम’ असे लिहिण्याऐवजी काम लिहावे. दोन वाक्ये पाहा.

> अपुरी अट: सॉफ्टवेअरमध्ये मराठीची सोय असावी.
>
> तपासता येईल अशी अट: शीर्षक, लेखक आणि विषय या रकान्यांत देवनागरीत नोंद, शोध आणि क्रमवारी करता यावी. ग्रंथालय देईल त्या २०० नोंदींवर हे प्रत्यक्ष दाखवावे लागेल.

पहिल्या अटीसमोर प्रत्येक विक्रेता ‘होय’ लिहितो आणि ते खोटेही नसते. दुसऱ्या अटीत ‘होय’ म्हणण्याआधी काम करून दाखवावे लागते.

## मराठीची परीक्षा: आठ चाचण्या

नव्वदच्या दशकात आणि नंतरही बराच काळ मराठी टायपिंग खास फाँटवर चालले. अशा नोंदीत पडद्यावर ‘ग्रंथ’ दिसते, पण आत साठवलेली असतात इंग्रजी कीबोर्डवरची भलतीच चिन्हे. तो फाँट नसलेल्या संगणकावर तीच नोंद निरर्थक अक्षरांची रांग बनते. युनिकोडमुळे हा प्रश्न सुटला. पण युनिकोडमध्येही मराठीचे बारकावे उरतात आणि प्रात्यक्षिकाच्या वेळी ते तपासता येतात.

१. ॲ, अ‍ॅ आणि ऍ. ‘ॲरिस्टॉटल’ हे नाव तीन प्रकारे टाइप होऊ शकते. डोळ्यांना जवळपास सारखे, संगणकाला तीन वेगळे शब्द. यातल्या ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली, त्यामुळे जुन्या आणि नव्या नोंदींत फरक असतो. तिन्ही प्रकारे शोधल्यावर तीच पुस्तके यायला हवीत.

२. दऱ्या आणि दर्या. एक डोंगरातल्या, दुसरा समुद्र. ‘दऱ्या’ काही कीबोर्डांवर एक अदृश्य जोडचिन्ह वापरून लिहिले जाते. काही प्रणाली अशी अदृश्य चिन्हे ‘साफ’ करतात आणि दऱ्यांचा दर्या होतो.

३. अनुस्वार. ग्रंथ–ग्रन्थ, संत–सन्त. जुन्या मुखपृष्ठांवर दोन्ही रूपे सापडतात.

४. ऱ्हस्व-दीर्घ. मराठी शुद्धलेखनाचे आजचे नियम १९६२ पासूनचे. त्याआधीच्या पुस्तकांवर ‘कवि’, नंतरच्या पुस्तकांवर ‘कवी’. वाचकाने एक लिहिले तर दुसरेही सुचवले जावे.

५. टोपणनावे. कुसुमाग्रज म्हणजे वि. वा. शिरवाडकर. आरती प्रभू म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर. ‘कोंडुरा’ कादंबरी आणि आरती प्रभूंच्या कविता एकाच लेखकाच्या आहेत, हे तालिकेला कळण्यासाठी नावांची अधिकृत सूची लागते. ती सोय आहे का, हे विचारावे. ‘पु. ल.’ आणि ‘पु.ल.’ यांतल्या एका मोकळ्या जागेमुळे लेखक दोन होऊ नयेत.

६. अक्षरक्रम. मराठी वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ हे ‘ह’नंतर येतात. अनेक प्रणाली ‘ळ’ला ‘ल’च्या शेजारी आणि ‘क्ष’ला ‘क’मध्ये बसवतात. छापील सूची काढली की हे लगेच दिसते.

७. आकडे. १९६७ साल देवनागरी आकड्यांत लिहिले काय आणि इंग्रजी आकड्यांत काय, शोधाचे उत्तर एकच यावे.

८. रोमन लिपीतला शोध. मोबाइलवर अनेकजण ‘श्यामची आई’ इंग्रजी अक्षरांत टाइप करतात. मार्क २१ मध्ये एकच माहिती दुसऱ्या लिपीत ठेवण्यासाठी ८८० क्रमांकाचे क्षेत्र आहे. प्रणाली ते वापरते का, हे पाहावे.

प्रणालीच्या मांडणीतही फरक पडतो. कोहामध्ये झेब्रा हे शोधयंत्र वापरत असाल, तर भारतीय लिप्यांसाठी आयसीयू नावाची पद्धत निवडावी लागते. ती निवडली नाही, तर कोहा चांगली असूनही मराठी शोध अडखळतो. म्हणजे दोन ग्रंथालयांत एकच सॉफ्टवेअर असूनही अनुभव वेगळा येऊ शकतो. म्हणून चाचणी सॉफ्टवेअरच्या नावावर न सोडता आपल्याला मिळणाऱ्या प्रत्यक्ष मांडणीवर घ्यावी.

नवी मुंबईत ही परीक्षा मराठीपुरती थांबत नाही. इथल्या वाचकांत हिंदी, गुजराती, मल्याळम, तमिळ वाचणारेही आहेत. ज्या भाषांतली पुस्तके कपाटात आहेत, त्या सर्व भाषांच्या नोंदी चाचणीत असाव्यात.

## जुन्या नोंदी नव्या घरात नेताना

सॉफ्टवेअर एका दिवसात बसते. नोंदी भरण्याचा हिशेब मात्र वेगळा असतो.

समजा, ग्रंथालयात ४०,००० पुस्तके आहेत आणि पुस्तक हातात घेऊन एक नोंद करायला ५ मिनिटे लागतात. म्हणजे २ लाख मिनिटे, सुमारे ३,३३३ तास. रोज ७ तास काम करणाऱ्या एका माणसाला यासाठी ४७६ दिवस लागतील. सुट्ट्या धरल्या तर दीड वर्षाहून जास्त. हे काम कोण करणार, हे निविदेत लिहिलेले नसेल तर ते कोणीच करत नाही.

इंग्रजी पुस्तकांच्या बाबतीत एक सोय आहे. झेड३९.५० या मानकाने दुसऱ्या ग्रंथालयाच्या तयार नोंदी उतरवून घेता येतात. मराठीत ही सोय तोकडी पडते. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये मराठी पुस्तकांच्या नोंदी आहेत, पण त्या प्रामुख्याने रोमन लिपीत, खुणांच्या अक्षरांसह आहेत. देवनागरी नोंद बहुतेक वेळा आपल्यालाच करावी लागते.

काही नोंदी तर जगात दुसरीकडे कुठे मिळणारच नाहीत. सिडकोसाठी झालेले भूसंपादन, १९८४ चे जासई परिसरातले शेतकरी आंदोलन, दि. बा. पाटील यांचे कार्य, आगरी बोलीतले लेखन, स्थानिक मंडळांच्या स्मरणिका आणि दिवाळी अंक: असे साहित्य सहसा इथल्याच ग्रंथालयांत साठते. प्रणाली बदलताना अशी नोंद हरवली, तर ती कुठूनही उतरवून घेता येत नाही. पुस्तक असते, पण ते आहे हे कोणाला कळत नाही.

स्थलांतरासाठी तीन गोष्टी आवर्जून लिहाव्यात. पहिली, जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलून देण्याची जबाबदारी कोणाची. दुसरी, आधी ५०० नोंदींचे नमुना स्थलांतर करून ते ग्रंथपालाने तपासायचे आणि मगच बाकीचे. तिसरी, स्थलांतरानंतर दाखल नोंदवही आणि संगणकातील संख्या जुळली पाहिजे. न जुळल्यास अंतिम देयक द्यायचे नाही.

## ‘मोफत’ म्हणजे किती रुपये?

कोहाला परवाना शुल्क नाही. पण सर्व्हर, मांडणी, स्थलांतर, प्रशिक्षण आणि अडचणीच्या वेळी फोन उचलणारा माणूस, यांना पैसे लागतात. व्यावसायिक प्रणालीतही परवान्याचा आकडा हा खर्चाचा एक भागच असतो. समजण्यासाठी दोन काल्पनिक दर पाहू.

| बाब | प्रस्ताव ‘अ’ (रु.) | प्रस्ताव ‘ब’ (रु.) |
|---|---|---|
| परवाना (पहिल्या वर्षाच्या सेवेसह) | २,००,००० | ० |
| मांडणी आणि नोंदींचे स्थलांतर | १,२०,००० (दरपत्रकात वेगळे) | १,८०,००० |
| वार्षिक सेवा | ४५,००० × ४ = १,८०,००० | ६०,००० × ५ = ३,००,००० |
| करार संपताना नोंदी परत देणे | ७५,००० | ० |
| पाच वर्षांचा एकूण खर्च | ५,७५,००० | ४,८०,००० |

दरपत्रकाच्या पहिल्या पानावर ‘अ’चा आकडा २ लाख दिसतो आणि ‘ब’चा पहिल्या वर्षाचा २ लाख ४० हजार. केवळ तेवढे पाहिले तर ‘अ’ स्वस्त ठरतो. पाच वर्षांत तो ९५ हजारांनी महाग पडतो. दुसऱ्या ठिकाणी याच्या उलटही होऊ शकते. म्हणून आर्थिक लिफाफ्यात पाच वर्षांचा तक्ताच भरून मागावा आणि न्यूनतम दर त्या बेरजेवर ठरवावा. बारकोड लेबले, एसएमएस, वाढीव प्रशिक्षण आणि जीएसटी यांचे रकानेही त्यात असावेत.

एसएमएसचा मुद्दा छोटा वाटतो, पण मराठी संदेशात एका एसएमएसमध्ये ७० अक्षरेच मावतात, इंग्रजीत १६०. शिवाय दूरसंचार नियमांनुसार संदेशाचा नमुना आधी डीएलटी व्यवस्थेत नोंदवावा लागतो. हे काम विक्रेत्याचे की ग्रंथालयाचे, ते आधीच ठरलेले बरे.

मुक्तस्रोत पर्यायाला निविदेत जागा मिळावी, असे सरकारी धोरणही सांगते. केंद्र सरकारच्या २०१५ च्या मुक्तस्रोत धोरणानुसार प्रस्ताव मागवताना मुक्तस्रोत पर्यायाचा विचार करण्याची अट घालायची आणि तो वगळल्यास विक्रेत्याने कारण द्यायचे. हे धोरण केंद्राच्या संस्थांसाठी आहे आणि राज्यांनाही ते स्वीकारता येते.

## निवड कशी करावी?

सर्वसाधारणपणे दोन लिफाफे असतात: तांत्रिक आणि आर्थिक. तांत्रिक लिफाफ्यात पात्र ठरणाऱ्यांचाच आर्थिक लिफाफा उघडतो. न्यूनतम दराचीच पद्धत बंधनकारक असली तरी गुणवत्तेसाठी इथे जागा आहे. मराठीच्या चाचण्या आणि नमुना स्थलांतर ही पात्रतेची अट करायची. जो उत्तीर्ण होईल, त्याच्यातूनच न्यूनतम दर निवडायचा.

पात्रतेच्या अटी मात्र कामाच्या आकाराला शोभतील अशा असाव्यात. लहान वाचनालयाच्या कामासाठी कोट्यवधींच्या उलाढालीची अट घातली, तर चांगले लहान पुरवठादार बाहेर पडतात. निविदापूर्व बैठक घ्यावी आणि शंकांची उत्तरे शुद्धिपत्रकाने सर्वांना द्यावीत.

आरएफआयडीची दारे, टॅग आणि सॉफ्टवेअर एकाच निविदेत घेताना सावध राहावे. हार्डवेअरचा आकडा मोठा असल्याने निर्णय त्यावर होतो आणि सॉफ्टवेअर जे मिळेल ते पदरात पडते. वेगळी खरेदी शक्य नसेल, तर टॅगसाठी आयएसओ २८५६० आणि यंत्रांशी बोलण्यासाठी एसआयपी२ ही मानके तरी अटींत हवीत.

## करारात ही कलमे हवीतच

- मालकी: ग्रंथनोंदी, सभासदांची माहिती आणि देवघेवीच्या नोंदी ग्रंथालयाच्या मालकीच्या.
- बाहेर पडण्याची वाट: ग्रंथालय मागेल तेव्हा, वेगळे शुल्क न घेता, ग्रंथनोंदी मार्क २१ मध्ये आणि बाकी माहिती युनिकोड सीएसव्हीमध्ये मिळावी. करार चालू असतानाही वर्षातून एकदा ही फाइल मागून उघडून पाहावी.
- बॅकअप: रोजचा बॅकअप, त्याची एक प्रत वेगळ्या ठिकाणी, आणि वर्षातून एकदा त्या प्रतीवरून प्रणाली पुन्हा उभी करून दाखवणे.
- प्रतिसाद: देवघेव बंद पडल्यास किती तासांत दुरुस्ती, न झाल्यास किती दंड.
- टप्प्याटप्प्याने पैसे: मांडणी, नमुना स्थलांतर, पूर्ण स्थलांतर आणि एक महिना सुरळीत वापर, अशा टप्प्यांवर देयके.
- प्रशिक्षण: बदली किंवा निवृत्तीनंतर येणाऱ्या नव्या कर्मचाऱ्यासाठीही.

ऐरोली–महापे पट्ट्यात देशातली मोठी डेटा सेंटर्स आहेत. ग्रंथालयाचा क्लाउड कदाचित दोन स्टेशने पलीकडेच असेल. पण सर्व्हर जवळ असला म्हणून नोंदी हातात येत नाहीत. त्या येतात करारातल्या कलमामुळे.

बॅकअपचे महत्त्व लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीने जगाला दाखवून दिले. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तिथे खंडणीसाठी सायबर हल्ला झाला. मुख्य तालिका ऑनलाइन शोधासाठी परत आली ती १५ जानेवारी २०२४ रोजी. इतक्या मोठ्या संस्थेला अडीच महिने लागले. ज्या वाचनालयाच्या नोंदी एकाच संगणकात आहेत, त्याला त्या कदाचित कधीच परत मिळणार नाहीत.

## सभासदाची माहिती कोण पाहते?

कोणी कोणते पुस्तक वाचले, ही खासगी बाब आहे. आजारपण, धर्म, राजकारण, कायदेशीर अडचण, यातले बरेच काही वाचनाच्या यादीतून कळते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये माहिती ज्या कामासाठी घेतली त्यासाठीच वापरण्याचे तत्त्व आहे. १८ वर्षांखालील व्यक्ती या कायद्याने बालक ठरते आणि तिची माहिती हाताळण्यासाठी पालकाची पडताळता येणारी संमती लागते. बालविभाग असलेल्या प्रत्येक वाचनालयाने हे लक्षात घ्यायला हवे. पुस्तक परत आल्यावर वाचनाचा इतिहास किती काळ ठेवायचा, हे ठरवण्याची सोय प्रणालीत असावी आणि आधारची प्रत ‘सवय म्हणून’ साठवू नये.

## वाचक म्हणून काय विचारता येईल?

सार्वजनिक वाचनालयाच्या सभासदाला वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारता येतात. महापालिकेच्या ग्रंथालयाबाबत माहितीच्या अधिकाराचा कायदा, २००५ वापरता येतो. पुढचे पाच प्रश्न कुठल्याही ग्रंथालयाला लागू पडतात.

१. एकूण पुस्तकांपैकी किती पुस्तकांच्या नोंदी संगणकात आहेत? मराठीच्या किती?

२. ऑनलाइन तालिका घरून, मोबाइलवर, देवनागरीत शोधता येते का?

३. सगळ्या नोंदींची फाइल ग्रंथालयाच्या स्वतःच्या ताब्यात आहे का? ती शेवटची कधी काढली?

४. सेवा करार कधी संपतो आणि त्यानंतरची व्यवस्था काय?

५. बॅकअपवरून प्रणाली पुन्हा उभी करून पाहिली आहे का?

यातल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘कंपनीकडे विचारावे लागेल’ असे आले, तर पुढच्या निविदेत पहिली दुरुस्ती कुठे करायची, हे ठरले.